गॅमा किरण आणि फ्लोरोकार्बन-हायड्रोकार्बन मिश्रणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएससीची मुलं, केबलच्या आणि वैद्यकीय साहित्याच्या कारखान्यांतले लोक, डिटेक्टरवर काम करणारे संशोधक असे वेगवेगळे लोक हे प्रश्न विचारतात. शब्द वेगळे असले तरी बहुतेकांच्या मनात एकच गृहीत असतं: मिश्रणाचं वागणं म्हणजे दोन घटकांच्या वागण्याची सरासरी. या जोडीच्या बाबतीत हे गृहीत साफ चुकतं. ते का चुकतं, हेच पुढच्या बहुतेक उत्तरांमध्ये सापडेल.

फ्लोरोकार्बन म्हणजे नेमकं काय?

हेक्सेन, सायक्लोहेक्सेन यांसारख्या हायड्रोकार्बनमधले सगळे हायड्रोजन काढून तिथे फ्लोरिन बसवला की परफ्लोरोहेक्सेन, परफ्लोरोसायक्लोहेक्सेन तयार होतं. टेफ्लॉन हा त्याच कुळातला लांबलचक साखळीचा भाऊ. रॉय प्लंकेट यांना तो ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेत अपघातानेच सापडला. द्रवरूप फ्लोरोकार्बनना महत्त्व आलं ते अमेरिकेच्या अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पात. तिथे वापरल्या जाणाऱ्या युरेनियम हेक्साफ्लोराइड या जहाल संयुगापुढे साधी तेलं आणि वंगणं टिकेनात. जोसेफ सायमन्स यांनी बनवलेला द्रव मात्र टिकला, आणि तिथल्या बोलीत त्याचं नावच 'जोज स्टफ', म्हणजे 'जोचा माल', पडलं.

कार्बन-फ्लोरिन बंध एवढा मजबूत आहे. मग गॅमा किरणांनी त्याचं काय बिघडणार?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, म्हणून इथे थोडं थांबू.

कार्बन-फ्लोरिन बंध तोडायला मोलमागे सुमारे ४८५ किलोज्यूल लागतात, म्हणजे एका बंधाला ५ इलेक्ट्रॉन व्होल्ट. कार्बन-हायड्रोजनचा बंध त्याहून कच्चा, साधारण ४१० किलोज्यूलचा. आता कोबाल्ट-६० या किरणोत्सारी कोबाल्टमधून निघणारे गॅमा किरण पाहा. त्यांची ऊर्जा ११.७ लाख आणि १३.३ लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. एवढ्या ऊर्जेपुढे ५ काय आणि ४ काय!

खरी गोष्ट याच्याही पुढची आहे. गॅमा किरण बंधावर नेम धरून आदळत नाही. तो एखाद्या रेणूतला इलेक्ट्रॉन जोरात उडवतो. तो इलेक्ट्रॉन द्रवातून धावताना वाटेतल्या हजारो रेणूंचे इलेक्ट्रॉन उडवत जातो. मागे उरतात धन आयन, सुटे इलेक्ट्रॉन आणि उत्तेजित रेणू. कुठला बंध तुटायचा, हे त्यानंतर ठरतं आणि तिथे बंधाची मजबुती हा अनेक कारणांपैकी फक्त एक मुद्दा असतो. म्हणून तापमानाला आणि आम्लाला दाद न देणारा पदार्थ किरणांपुढेही टिकेल, असं समजू नका.

हे मी एकदा हातात धरून पाहिलं आहे. गॅमा चेंबरमध्ये (नमुन्यांना गॅमा किरण देण्याच्या बंद यंत्रात) ठेवायच्या नमुन्यात टेफ्लॉनचं आवरण असलेला चुंबकी ढवळ्या चुकून राहून गेला. काही दिवसांनी बाहेर काढला तेव्हा दिसायला जवळपास तसाच पांढरा होता. चिमट्यात धरून जरा दाबला आणि आवरणाचा टवका खडूसारखा तुटून बशीत पडला. द्रवाला काय झालं ते नंतर कळलं, पण टेफ्लॉनला काय होतं ते त्या क्षणी कायमचं कळलं.

ही दोन द्रव्यं एकमेकांत मिसळतात तरी का?

नीट मिसळत नाहीत, आणि प्रयोग फसण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. परफ्लोरोहेक्सेनची घनता १.६८, हेक्सेनची ०.६६. सुमारे २२-२३ अंशांच्या वर ही दोन कुठल्याही प्रमाणात एकजीव होतात, त्याखाली दोन थर पडतात. म्हणजे मुंबईच्या उकाड्यात टेबलावर एकजीव दिसणारं मिश्रण एसीच्या खोलीत नेलं की दुभंगू शकतं. गॅमा चेंबरच्या आत बाहेरच्यापेक्षा थोडं गरम असतं, त्यामुळे तिथे पुन्हा एकजीव होईल. किरण देताना नमुना कोणत्या अवस्थेत होता हे लिहून ठेवलं नसेल, तर आलेल्या आकड्यांचा अर्थ लावता येत नाही. दोन थर असतील तर तुम्ही दोन वेगळे प्रयोग एकाच नळीत करत असता.

मिश्रणात कोणाला किती ऊर्जा मिळते?

ऊर्जेची वाटणी रेणूंच्या संख्येवर होत नाही. ती ढोबळमानाने इलेक्ट्रॉनच्या संख्येवर होते. परफ्लोरोसायक्लोहेक्सेनच्या रेणूत १४४ इलेक्ट्रॉन आहेत, सायक्लोहेक्सेनच्या रेणूत ४८. दोघांचे रेणू समसमान घेतले तरी १९२ पैकी १४४, म्हणजे पाऊण ऊर्जा फ्लोरोकार्बनच्या वाट्याला जाते.

गंमत अशी की वजनाच्या हिशेबात चित्र उलटं दिसतं. एक ग्रॅम फ्लोरोकार्बनमध्ये एक ग्रॅम हायड्रोकार्बनपेक्षा कमी इलेक्ट्रॉन असतात, कारण हायड्रोजनच्या अणूला एका वस्तुमानामागे एक पूर्ण इलेक्ट्रॉन मिळतो. पाण्यावर मोजलेली मात्रा, म्हणजे दर किलोमागे शोषलेली ऊर्जा, १०० धरली, तर त्याच जागी ठेवलेल्या परफ्लोरोहेक्सेनला सुमारे ८६ आणि हेक्सेनला सुमारे १०५ मिळते. ही दुरुस्ती न करता काढलेली जी-मूल्यं मी पुष्कळदा पाहिली आहेत.

जी-मूल्य म्हणजे?

१०० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा शोषली गेली की एखाद्या पदार्थाचे किती रेणू तयार झाले किंवा मोडले, तो आकडा. शुद्ध सायक्लोहेक्सेनमधून निघणाऱ्या हायड्रोजन वायूचं जी-मूल्य सुमारे ५.६ आहे. प्रत्यक्षात याचा अर्थ असा: १० मिलिलिटर सायक्लोहेक्सेनला १०० किलोग्रे मात्रा (एक ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल) दिली तर साधारण ११ मिलिलिटर हायड्रोजन वायू निघतो. बंद नळीत तो दाब धरून बसतो, हे नळी फोडताना लक्षात असू द्या.

शुद्ध फ्लोरोकार्बनला एकट्यालाच किरण दिले तर काय होतं?

कार्बन-कार्बन बंध तुटून लहान तुकडे होतात, टेट्राफ्लोरोमिथेन, हेक्साफ्लोरोइथेन असे. काही रॅडिकल, म्हणजे बंध तुटून एक टोक मोकळं राहिलेले तुकडे, एकमेकांना जोडले जाऊन मोठे रेणूही होतात. फ्लोरिनचे अणू सुटतात, पण त्यांना आजूबाजूला ओढून घ्यायला काहीच मिळत नाही, कारण शेजारी सगळे फ्लोरिननेच भरलेले. मग ते परत एखाद्या रॅडिकलवर जाऊन बसतात आणि झालेलं नुकसान बरंचसं आपोआप भरून निघतं.

आणि त्यात हायड्रोकार्बन आलं की?

तिथून सगळी गोष्ट पालटते. नुकसान भरून काढणारी ती वाट बंद होते. सुटलेल्या फ्लोरिनच्या अणूला आता शेजारी हायड्रोजन दिसतो. हायड्रोजन-फ्लोरिन बंध सुमारे ५७० किलोज्यूलचा, म्हणजे हायड्रोकार्बनमधून हायड्रोजन ओढून घेण्यात मोलमागे दीडशेहून जास्त किलोज्यूलचा फायदा. मध्ये अडथळा जवळजवळ नाहीच. गाठ पडली की हायड्रोजन फ्लोराइड झालाच म्हणून समजा, आणि एकदा झाला की त्यातला फ्लोरिन परत फिरत नाही. मागे राहिलेलं परफ्लोरोअल्किल रॅडिकलही शेजारच्या हायड्रोकार्बनकडून हायड्रोजन घेतं, आणि एक फ्लोरिन हरवून त्या जागी हायड्रोजन मिळालेला रेणू तयार होतो. उरलेली रॅडिकलं आपसात जुळतात. कधी दोन सारखी जुळतात, तर कधी अर्धं अंग फ्लोरोकार्बनचं आणि अर्धं हायड्रोकार्बनचं असा सांधलेला रेणू होतो.

पण याच्याही आधी, सेकंदाच्या अब्जांश भागाहून कमी वेळात, एक वाटणी होऊन गेलेली असते आणि मला हा भाग सगळ्यात सुंदर वाटतो. सायक्लोहेक्सेनमधून इलेक्ट्रॉन काढायला ९.९ इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात, परफ्लोरोसायक्लोहेक्सेनला त्याहून बरेच जास्त लागतात. म्हणून फ्लोरोकार्बनवर आलेला धन भार शेजारच्या हायड्रोकार्बनकडे उतरणीला लागल्यासारखा जातो. सुटा इलेक्ट्रॉन मात्र फ्लोरोकार्बन पकडतं, कारण त्याला इलेक्ट्रॉनची ओढ जबरदस्त. धन एकाकडे, ऋण दुसऱ्याकडे. इलेक्ट्रॉन पकडलेल्या फ्लोरोकार्बनमधून फ्लोराइड आयन सुटू शकतो, आणि पुढे तो किंवा ते ऋण आयन हायड्रोकार्बनच्या धन आयनाला भेटलं की तिथेही शेवटी हायड्रोजन फ्लोराइडच होतो. दोन वेगळ्या वाटांनी मिश्रण एकाच जागी पोचतं.

मग हायड्रोजन वायू कमी का होतो?

शुद्ध सायक्लोहेक्सेनमध्ये इलेक्ट्रॉन बहुतेक वेळा आपल्याच आयनाकडे परततो. शंभरातले जेमतेम तीन-चार सुटून लांब जातात, बाकीचे काही पिकोसेकंदांत माघारी. त्या भेटीत जी ऊर्जा मोकळी होते तिच्यातून बराचसा हायड्रोजन वायू निघतो. मध्येच फ्लोरोकार्बनने इलेक्ट्रॉन पकडला तर ती भेट तशी होतच नाही, म्हणून वायू घटतो. नायट्रस ऑक्साइड किंवा सल्फर हेक्साफ्लोराइड घातलं तरी हेच दिसतं. इलेक्ट्रॉन इतक्या लवकर परततो म्हणून त्याला अडवायला फ्लोरोकार्बनही जवळपासच असावं लागतं. अगदी थोडं घातलं तर फरक जेमतेम, वाढवत गेलं तर वायू भराभर उतरतो आणि मग हळूहळू.

सरासरीचं गृहीत नेमकं इथे मोडतं. हायड्रोकार्बनचं हायड्रोजन देणं अपेक्षेपेक्षा कमी होतं, फ्लोरोकार्बनचं मोडणं अपेक्षेपेक्षा जास्त. आलेख काढला तर दोन टोकांना जोडणारी सरळ रेषा कधीच मिळत नाही.

सायक्लोहेक्सेनऐवजी बेन्झीन घेतलं तर?

बेन्झीन किरणांना खूप सोशिक आहे. त्यातून हायड्रोजन वायू निघतो तो सायक्लोहेक्सेनच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. कड्यातला हायड्रोजन ओढून घेणंही अवघड, त्यामुळे फ्लोरिनचा अणू किंवा फ्लोरोकार्बनचं रॅडिकल कड्यालाच चिकटणं पसंत करतं. आकडे आणि पदार्थ दोन्ही बदलतात. सायक्लोहेक्सेनचे निष्कर्ष बेन्झीनला लावू नका.

माझं फ्लोरोकार्बन ९९ टक्के शुद्ध आहे. चालेल ना?

उरलेला एक टक्का काय आहे, त्यावर आहे.

याचं खरं उदाहरण जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत आहे. तिथल्या सीएमएस या मोठ्या डिटेक्टरच्या प्रयोगात, ज्यात आपल्या कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्रही सहभागी आहेत, सुमारे २०० चौरस मीटर सिलिकॉनचा ट्रॅकर (कणांचा माग काढणारा भाग) द्रव परफ्लोरोहेक्सेनने थंड ठेवला गेला. वीज वाहून नेत नाही, पेटत नाही, गळला तरी इलेक्ट्रॉनिक्स खराब करत नाही, म्हणून निवड रास्तच होती. पण फ्लोरोकार्बन बनतात हायड्रोकार्बनपासूनच. फ्लोरिन बसवण्याचं काम अर्धवट राहिलं तर एखादा हायड्रोजन शिल्लक असलेले रेणू द्रवात उरतात. वर्षानुवर्षं किरणांचा मारा झाला की तेवढ्या हायड्रोजनपासून हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, आणि पाइप, जोड, धातूचे भाग त्याच्या तावडीत सापडतात. म्हणून अशा द्रवाची आधी इन्फ्रारेड वर्णपटावर कार्बन-हायड्रोजनच्या खुणेसाठी तपासणी करतात, तो गाळून शुद्ध करतात आणि गॅमा किरण देऊन पाहतात.

हिशेब करून बघा. हायड्रोजन फ्लोराइडचं जी-मूल्य समजा १ धरलं, तर १०० किलोग्रेला एका किलो द्रवात सुमारे २०० मिलिग्रॅम हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. बंद फिरणाऱ्या प्रणालीत ही रक्कम छोटी नाही.

वायूंच्या मिश्रणातही हेच घडतं का?

तत्त्व तेच, पण वायूवर वीजदाब असेल तर भर पडते. रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर या, दोन पट्ट्यांमधल्या वायूतून जाणारे कण टिपणाऱ्या, डिटेक्टरमध्ये सीएमएसला ९५.२ टक्के टेट्राफ्लोरोइथेन, ४.५ टक्के आयसोब्युटेन आणि ०.३ टक्के सल्फर हेक्साफ्लोराइड असं मिश्रण वापरलं जातं. पहिले दोन्ही वायू फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला तोंडपाठ असतात, आर-१३४ए आणि आर-६००ए या नावांनी. भाभा केंद्राने या चेंबरच्या बांधणीत हातभार लावला आहे.

इथे किरण फक्त ठिणगी टाकतो. खरं मोडतोडीचं काम दोन पट्ट्यांमधल्या वीजक्षेत्रात इलेक्ट्रॉनचा जो लोंढा उसळतो तो करतो. फ्लोराइड बाहेर पडतो आणि पट्ट्यांच्या जवसाच्या तेलाने लेपलेल्या पृष्ठभागावर जाऊन बसतो. म्हणून वायू फिरवताना वाटेत शुद्धीकरणाचे फिल्टर असतात आणि बाहेर येणाऱ्या वायूतला फ्लोराइड मोजला जातो. सर्नमध्ये यासाठी सिझियम-१३७ चा मोठा गॅमा स्रोत असलेली वेगळी चाचणी जागा आहे. काही महिन्यांत अनेक वर्षांचं म्हातारपण आणायचं आणि चेंबर कसा वागतो ते पाहायचं.

काचेच्या नळीत प्रयोग करता येतो का?

करतात सगळेच, पण काच या प्रयोगात साक्षीदार न राहता भागीदार होते. हायड्रोजन फ्लोराइड काचेतल्या सिलिकाला खातो, त्यातून सिलिकॉन टेट्राफ्लोराइड आणि पाणी होतं. म्हणजे मोजायचा पदार्थ कमी दिसतो आणि नसलेलं पाणी नमुन्यात येतं. नळी बाहेर काढलीत की दोन गोष्टी दिसतील. सगळी काच चहासारखी तपकिरी झालेली असेल, तो गॅमा किरणांचा परिणाम. आणि आतून, द्रवाची पातळी होती तिथपर्यंत, एक धुरकट पट्टा असेल. नळी उजेडासमोर धरून हळू फिरवा, तो पट्टा स्पष्ट दिसतो. तो हायड्रोजन फ्लोराइडचा. अचूक मोजमाप हवं असेल तर निकेल किंवा मोनेल या निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचं भांडं घ्या. काचच वापरायची असेल तर सिलिकॉन टेट्राफ्लोराइडही मोजा आणि हिशेबात धरा.

हवा काढून टाकणं खरंच एवढं महत्त्वाचं आहे?

हो, आणि इथे तर नेहमीपेक्षा जास्त. फ्लोरोकार्बन प्राणवायू भरपूर विरघळवतात. १०० मिलिलिटर द्रवात ४०-५० मिलिलिटर प्राणवायू सहज मावतो, त्यामुळेच कृत्रिम रक्तासाठी त्यांचा विचार झाला. तो प्राणवायू रॅडिकलना चिकटतो, कार्बोनिल फ्लोराइड तयार होतो, आणि पाण्याचा अंश भेटला की त्यातूनही हायड्रोजन फ्लोराइड. मग तुमचा हायड्रोजन फ्लोराइड हायड्रोकार्बनमुळे आला की हवेमुळे, हे सांगता येत नाही. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा, पंप लावा, वितळू द्या, आणि हे किमान तीनदा करा.

मात्रा कशी मोजायची?

फ्रिके द्रावणाने. आम्लातलं फेरस सल्फेट किरणांनी फेरिक होतं, जी-मूल्य १५.५ च्या आसपास, आणि ३०४ नॅनोमीटरला ते वाचता येतं. नमुन्याच्याच आकाराच्या नळीत, त्याच जागी ठेवून मोजा. द्रावण फार मोठ्या मात्रेला चालत नाही, म्हणून थोडा वेळ ठेवून मात्रादर काढायचा आणि वेळेने गुणायचा. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षं असल्यामुळे गेल्या वर्षीचा मात्रादर या वर्षी सुमारे १२ टक्क्यांनी उतरलेला असतो.

मात्रेचा अंदाज यावा म्हणून सांगते: लासलगावच्या केंद्रात कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून ६० ते ९० ग्रे पुरतात. वैद्यकीय साहित्याच्या निर्जंतुकीकरणाला २५ किलोग्रे, म्हणजे जवळपास तीनशे पट. आपण इथे बोलतो आहोत ते दहा ते शेकडो किलोग्रेंबद्दल.

एकाच साखळीत हायड्रोजन आणि फ्लोरिन दोन्ही असतील तर?

फार उपयोगी गोष्ट होते. टेफ्लॉनच्या साखळीत फक्त फ्लोरिन, तिला किरण दिले की ती तुटत जाते. हवेत काही किलोग्रेमध्येच मजबुती ढासळायला लागते. ईटीएफई हा इथिलीन आणि टेट्राफ्लोरोइथिलीन यांच्या जोड्यांचा पॉलिमर आणि पीव्हीडीएफ या दुसऱ्या पॉलिमरमध्ये एकाआड एक कार्बनवर हायड्रोजन. इथे हायड्रोजन फ्लोराइड निघून जातो, शेजारच्या साखळ्यांवर रॅडिकल उरतात आणि त्या एकमेकींना जोडल्या जातात. विमानातल्या तारांचं ईटीएफईचं वेष्टन किरण देऊन असंच पक्कं करतात. जे रसायन परफ्लोरोहेक्सेनच्या पाइपात नको असतं, तेच इथे मुद्दाम घडवून आणलं जातं.

टेफ्लॉनलाही साखळ्या जोडायला लावता येतं, पण प्राणवायू पूर्ण काढून आणि वितळणबिंदूच्या वर, ३३०-३४० अंशांवर किरण दिले तरच.

आमच्या उपकरणात टेफ्लॉनचा भाग आहे. गॅमा निर्जंतुकीकरणाला पाठवू का?

नको. तुर्भ्याच्या आयसोमेड केंद्रात १९७४ मध्ये गॅमा किरणांनी वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करायला सुरुवात झाली आणि पद्धत उत्तम आहे, पण २५ किलोग्रे टेफ्लॉनला सोसत नाहीत. इथिलीन ऑक्साइड किंवा वाफेचा मार्ग पाहा, किंवा तो भाग ईटीएफईचा करता येतो का ते विचारा.

टेफ्लॉनच्या या कमकुवतपणाचा उद्योगाने उपयोगही केला आहे: टाकाऊ टेफ्लॉनला मोठी मात्रा देऊन त्याची बारीक पूड करतात, ती शाई आणि वंगणात जाते. हवेत किरण दिल्यामुळे तिच्यात पीएफओए हे घातक आम्ल तयार होतं, म्हणून युरोपीय संघाने २०२० मध्ये अशा पुडीतल्या त्याच्या प्रमाणावर मर्यादा घातली.

किरण दिलेलं मिश्रण स्वतः किरणोत्सारी होतं का?

नाही. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ऊर्जा कार्बन, हायड्रोजन किंवा फ्लोरिनच्या अणुकेंद्रात बदल घडवायला पुरत नाही.

मग नळी हाताळताना भीती कशाची?

हायड्रोजन फ्लोराइडची आणि दाबाची. नळी आधी बर्फात किंवा द्रव नायट्रोजनमध्ये थंड करा, धुराड्यात (फ्यूम हूडमध्ये) काच खाली ओढून उघडा, चेहऱ्यावर ढाल, हातात जाड निओप्रीनचे मोजे. पातळ मोज्यांच्या भरवशावर राहू नका. सौम्य हायड्रोफ्लोरिक आम्ल लागल्यावर लगेच जळजळ होईलच असं नाही. दुखणं काही तासांनी सुरू होतं आणि तोवर फ्लोराइड आत हाडापर्यंत कॅल्शियम शोधत गेलेला असतो. २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल धुराड्याशेजारी हाताला येईल असं ठेवा, त्याची मुदत संपलेली नाही ना ते नळी बाहेर काढण्याआधी पाहा. थेंब लागल्याची नुसती शंका आली तरी भरपूर पाण्याने धुवा, जेल चोळत राहा आणि दवाखान्यात जाताना काय लागलं आहे ते कागदावर लिहून सोबत न्या, कारण तिथल्या डॉक्टरांनी असा रुग्ण आधी पाहिलेला असेलच असं नाही.